बालीला दोघं, बैठकीला सतरा

भिवंडीचं नाव आता महाराष्ट्रात घरोघरी पोचलंय ते मोबाइलमुळे. सोलापुरात कुणी मिक्सर मागवो की नागपुरात कुणी चपला, दोन दिवसांनी संदेश येतो : आपलं पार्सल भिवंडीत आहे. पुढचे दोन दिवस ते तिथेच असतं. यंत्रमागांच्या खडखडाटासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या आसपास, पूर्णा, दापोडा, वळ, राहनाळ, माणकोली अशा गावांत, जिथे भात पिकायचा तिथे गोदामं उभी राहिली. जगातला माल इथे येऊन पडतो, त्यावर चिठ्ठी डकवली जाते आणि तो मार्गी लागतो. पण याच भिवंडीतून दोन जिवंत माणसं जगात पाठवायची, तीही नुकतीच लग्न झालेली आणि तीही दोघंच, म्हटलं की हा सगळा वाहतूकधंदा जागच्या जागी ठप्प होतो.

पूर्णा गावातल्या अशाच एका आगरी घराची ही हकीकत. लग्न झालं 2026 च्या माघात. हळदीला डीजे पहाटेपर्यंत वाजला, धवलारणीचे धवले झाले, जेवणावळी झाल्या. नवरी डोंबिवलीची, शाळेत गणित शिकवणारी. नवरदेवाने साखरपुड्यातच तिला हळूच सांगून ठेवलं होतं, ‘आपण बाहेर जाऊ.’ बाहेर म्हणजे परदेशी. त्या वाक्यातल्या ‘आपण’मध्ये किती माणसं धरायची, हे मात्र त्याच्या हातात नव्हतं.

घरच्यांचा परदेशाला विरोध नव्हता, हे आधी सांगायला हवं. कसा असेल? शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीकाठावर मराठी आरमाराची जहाजं बांधायला काढली. दर्या या माणसांना नवा नाही. आजीचा प्रश्न एवढाच होता, ‘पानीच बगाचा हाय तं तिकरं कनाला?’ खिडकीतून खाडी दिसत असल्यामुळे या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पहिली बैठक देश ठरवायला भरली. थायलंडने 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून निम्मा ठाणे जिल्हा तिकडे जाऊन आलेला. अडचण तीच होती. घरातले दोन काका आणि एक मामा मित्रमंडळाबरोबर पट्टायाला जाऊन आले होते आणि परतल्यावर त्यांनी फोटो फक्त बुद्धाचे दाखवले होते. ‘थायलंड’ हा शब्द निघताच तिघंही छताकडे बघू लागले. त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. नवरदेवाने प्रसंग ओळखून ‘क्राबी’ असं नाव काढलं आणि ते बिनविरोध मंजूर झालं. क्राबी थायलंडमध्येच आहे हे धाकट्या चुलतभावाने नकाशा उघडून सांगितलं नसतं, तर हा लेख इथेच संपला असता.

मग बाली आलं. बाली म्हणजे देवळं, बहुसंख्य लोक हिंदू, समुद्रातल्या खडकावर तानाह लोटचं मंदिर. पु. ल. देशपांडे सुनीताबाईंसह तिकडे जाऊन आले, त्यांचं ‘पूर्वरंग’ निघाल्यालाही साठ वर्षं उलटून गेली. देवळं आहेत म्हटल्यावर ज्येष्ठ मंडळी एकदम अनुकूल झाली. इतकी, की मोठ्या काकूंनी विचारलं, ‘मग आपण सगळेच जाऊ या का?’

नवरदेवाचा चेहरा पडला तो तेव्हा. नवरीने फक्त चहाचे कप गोळा केले.

यात काकूंचं काही चुकलं असं म्हणवत नाही. परदेशातला मधुचंद्र त्यांच्या पिढीने पाहिला तो राज कपूरच्या ‘संगम’मध्ये. 1964 चा तो सिनेमा, दोन मध्यंतरांचा. त्यात नवराबायको युरोपभर फिरतात, आणि नवरा कौतुकाने आपल्या जिवलग मित्रालाही तिथे बोलावून घेतो. म्हणजे पडद्यावरच्या त्या गाजलेल्या परदेशी मधुचंद्रातसुद्धा तिसरा माणूस होताच. पुढे मराठी पर्यटन कंपन्यांनी ‘हनिमून स्पेशल’ सहली काढल्या : एक बस, वीसेक जोडपी, पुढे माइक घेऊन टूर लीडर, आणि संध्याकाळी हॉटेलात जोडप्यांचे खेळ. लोक हौसेने गेले, मजा करून आले. एकांताला आपण कधी फारसा भाव दिलेला नाही, हे खरं.

दुसरी बैठक पैशांची. बालीला पोचल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो, त्याचे पाच लाख रुपिया लागतात. ‘रुपिया’मधली वेलांटी कुणाच्या कानात शिरली नाही. सासरे गोदामाच्या भाड्याचे सौदे चौरस फुटावर करणारे. ते शांतपणे म्हणाले, ‘दोघांचं मिळून सांग त्याला. दहाचे सात करील.’ शिवाय 2024 च्या फेब्रुवारीपासून माणशी दीड लाखाचा पर्यटक कर वेगळा. नवरीने फळ्यावर मांडल्यासारखं गणित समजावलं, की ते पाच लाख म्हणजे आपले तीन हजारांच्या आतबाहेर, तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. लाखाची नोट हातात घेऊन त्यात जेमतेम जेवण येणार, हे त्यांना एकंदरीत बरं वाटलं नाही.

खरा घोळ झाला तो नावांचा. तिकिटं काढायचं काम त्याच चुलतभावाकडे. त्याने फॉर्म भरायला समोर लग्नपत्रिका धरली, कारण घरात सगळ्यांची नावं बिनचूक छापलेला कागद तोच. नवरीच्या ‘पहिलं नाव’ या रकान्यात त्याने ‘चि. सौ. कां.’ भरलं. पुढे माहेरचं नाव, मग सासरचं, मग पत्रिकेत होतं तसं कंसातलं लाडाचं. संगणकाने तक्रार केली की नाव मावत नाही. नवरीने वेळेवर पाहिलं म्हणून बरं, कारण तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर विमानतळावर ‘आमची सूनच आहे ती’ हे चालत नाही.

पासपोर्टवर नाव होतं माहेरचं, मधे वडिलांचं. आत्याने ते हातात घेऊन दोनदा वाचलं. ‘लग्न झालं तरी बापाच्या नावावर फिरणार?’ लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, त्याच नावाने तिकीट काढलं की झालं. पण आत्याला कायद्यापेक्षा पाटीलकी मोठी. मग बदलायला काय लागतं याची चौकशी झाली : आधी ग्रामसेवकाकडे विवाहनोंदणी, त्यासाठी अर्ज, फोटो, पुरोहिताची सही, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार. त्या प्रमाणपत्रावर मग ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पासपोर्टचा नवा अर्ज. साक्षीदार तीन हवेत म्हणताच ओटीवर चौदाजण उठून उभे राहिले. बाकी कशाला वेळ पुरत नव्हता, म्हणून नवरी वडिलांच्याच नावाने जाणार हे ठरलं. आत्या दोन दिवस जेवताना गप्प होती.

तारीख राहिली होती. लग्नानंतर सत्यनारायण, पाचपरतावन, कार्ल्याला एकवीरा आईचं दर्शन. त्यातच होळी आली, आणि आगरी-कोळ्यांत लग्नानंतरची पहिली होळी सोडून सून परदेशात आहे, हे सांगायचं कुणाला? होळीनंतर जा, पण चैत्र शुद्ध सप्तमीला एकवीरेची पालखी, त्याच्या आत परत या. मधे उरले तीनेक आठवडे. आजी म्हणाली, पाडव्याला जा. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायला नको. 19 मार्च.

आणि नेमका त्या दिवशी बालीचा विमानतळ बंद.

हे खरं आहे. बालीचं कालगणनेचं शक आपलंच, आणि त्यांचा वर्षारंभ पाडव्याच्या आगेमागे येतो; 2026 साली तो त्याच दिवशी आला. आपण गुढी उभारतो, शोभायात्रा काढतो, ढोल बडवतो. ते ‘न्येपी’ पाळतात, म्हणजे मौन. सकाळी सहापासून चोवीस तास कुणी घराबाहेर पडायचं नाही, दिवे लावायचे नाहीत, रस्त्यावर गाडी नाही, आकाशात विमान नाही. पर्यटकांनाही हॉटेलाबाहेर सोडत नाहीत. पेचालांग नावाचे गावरक्षक गस्त घालतात. आदल्या संध्याकाळी मात्र ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ पुतळे वाजतगाजत मिरवतात. आणि 2018 पासून न्येपीच्या दिवशी मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात.

‘म्हणजे फोटो नाही?’ आत्या म्हणाली. ‘व्हिडिओ कॉल नाही?’

दिवसभर खोलीतून बाहेर पडायचं नाही, कुणाचा कॉल नाही, संध्याकाळी अंधार. घरातले सगळे हळहळले. आजी म्हणाली, कसला मेला देश. नवरदेव तारीख बदलू या म्हणणार, तेवढ्यात नवरी पहिल्यांदाच बैठकीत बोलली. पाडव्याचा मुहूर्त मोडायचा नाही, ती म्हणाली. दोन दिवस आधी निघू, म्हणजे सण तिथे सापडेल.

आजीला सुनेचा धार्मिकपणा भावला. पुढची चर्चा पूर्णा ते माजिवडा यावर गेली. बालीपर्यंतच्या विमानप्रवासाची कुणाला फिकीर नव्हती. काल्हेर, कशेळीचा पूल आणि बाळकुम पार व्हायला किती वेळ धरायचा, यावर दोन तट पडले. मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारी जेवून निघायचं आणि पोचवायला ट्रॅव्हलर करायची, असं ठरलं.

उठता उठता चुलतभाऊ म्हणाला, ‘पण हॉटेलातलं वायफाय चालू असतं त्या दिवशी. इथे लिहिलंय.’

नवरीने त्याच्याकडे पाहिलं. ‘भावजी, तुमचा साखरपुडा वैशाखात ना?’

भावजी गणितात कच्चे, पण इतके नव्हेत. त्यांनी फोन खिशात टाकला आणि आपण भलत्याच बेटाचं वाचलं म्हणून सांगितलं. आत्याने तेवढ्यात न्येपी कधी सुटतं ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन.

‘मी गजर लावते,’ आत्या म्हणाली.