सातबारा माझा, मालक ब्राउझर

डिजिटल सहीचा सातबारा ईमेलने आला की यवतमाळात खरी गंमत सुरू होते. पीडीएफ उघडते ब्राउझरमध्ये, आणि सहीच्या जागी भलंमोठं प्रश्नचिन्ह! "भाऊ, वावर आपलंच आहे ना?" आहे हो. सही तपासणं बऱ्याच ब्राउझरांना जमतच नाही. त्याला ॲक्रोबॅट रीडरसारखा जाणकार लागतो.

दोष ईमेलचा नाही. विंडोज फाइलच्या नावामागचं शेपूट पाहते आणि ते ज्या प्रोग्रामच्या नावे नोंदलेलं असेल, त्याच्या दारात फाइल सोडते. नवा प्रोग्राम बसवताना न वाचता 'येस' दाबलं, की कधीकधी फेरफार झालाच समजा. नोटीस नाही, हरकत नाही, तलाठ्याची सहीसुद्धा नाही. काही हुशार मग शेपूटच बदलतात. पोळ्याला शिंगं रंगवली म्हणून बैलाचा ट्रॅक्टर होतो का?

इलाज अगदीच सोपा. फाइल उतरवा, राइट क्लिक, 'ओपन विथ', योग्य प्रोग्राम निवडा, 'ऑलवेज'. तहसीलची एकही चक्कर नाही. म्हणूनच बहुधा कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

तशी भलत्याच नावावरच्या वस्तूंची आम्हाला सवय आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे आठवा: रूळ इथले, कापूस इथला, स्वातंत्र्यही मिळालेलं, आणि मालकी पुढे कित्येक दशकं ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीकडेच. तिथे मात्र राइट क्लिक चालेना.