लावणारा, खाणारा आणि मधला

नाशिकच्या गंगापूर रोडवर अशोक स्तंभाकडून आनंदवलीच्या दिशेने चालत निघालं, तर नुसत्या पाट्या वाचून माणूस डॉक्टर, इंजिनिअर, सीए किंवा फौजदार होऊ शकतो. गिटार, अबॅकस, जर्मन, झुंबा, कशालाही शिकवणी मिळते. पण आयपीएलचे दोन महिने इथली तरुण मंडळी ज्या विषयाची फी आगाऊ, रोज आणि विनातक्रार भरतात, त्या विषयाला क्लास नाही. सट्टा ज्याचा त्याने शिकायचा, तोही रात्री, पांघरुणात, मोबाइलचा उजेड कमी करून. एवढ्या शिक्षणप्रेमी वस्तीला हे शोभत नाही. म्हणून या सदरातर्फे आज एक मोफत डेमो लेक्चर. प्रवेश सर्वांना खुला. पालक आले तरी चालेल, पैसे बहुधा त्यांच्याच खात्यातून जात असतात.

उदाहरणासाठी दोन सभ्य गृहस्थ घेऊ. संध्याकाळी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानाच्या कडेला बसणारे. एक निवृत्त बँक मॅनेजर, त्यांना साहेब म्हणू. दुसरे द्राक्षबाग विकून फ्लॅटमध्ये राहायला आलेले, ते दादा. दोघांनाही क्रिकेट कळतं, म्हणजे निदान दोघांचा तसा समज आहे. सट्ट्याला लागणारी किमान पात्रता एवढीच.

पहिला धडा, भाव. मुंबई विरुद्ध चेन्नई सामना आहे, मुंबई फेवरेट आहे आणि बुकीने भाव सांगितला : ८५-८७. हे पैसे. साहेबांना मुंबई जिंकणार असं वाटतं, म्हणून त्यांनी १०,००० ‘लावले’. मुंबई जिंकली तर त्यांना ८,५०० मिळणार, हरली तर १०,००० जाणार. दादांना मुंबईचा भरवसा नाही, त्यांनी तेवढेच ‘खाल्ले’. मुंबई हरली तर त्यांना १०,००० मिळणार, जिंकली तर पदरचे ८,७०० द्यावे लागणार. आता क्षणभर क्रिकेट बाजूला ठेवा आणि मधल्या माणसाकडे बघा. मुंबई जिंकली, तर दादांचे ८,७०० आले, साहेबांना ८,५०० गेले, २०० उरले. मुंबई हरली, तर साहेबांचे १०,००० उचलून दादांना दिले, हात झटकले. म्हणजे बुकीच्या दृष्टीने त्या रात्री घडू शकणारी सर्वांत वाईट गोष्ट अशी की त्याचं काहीच गेलं नाही. साहेबांनी उभ्या नोकरीत इतकं बिनधोक कर्ज मंजूर केलं नव्हतं.

“पण साहेब, खाल्लं तर मी ना?”

“खाल्लं तुम्ही, दादा. पोट त्याचं भरलं.”

लावणाऱ्याला आणि खाणाऱ्याला मिळून ‘पंटर’ म्हणतात. पंटराला संघ असतो, आवडता खेळाडू असतो, नाणेफेकीबद्दल मत असतं, खेळपट्टी कोरडी की ओलसर यावर तो अर्धा तास बोलू शकतो. बुकीला यातलं काही लागत नाही. एका बाजूला पैसे जास्त झाले, की तो जादाचा भार मोठ्या बुकीकडे सरकवतो. त्याला कटिंग म्हणतात. मग तो मोठा आणखी मोठ्याकडे. क्रिकेटवर श्रद्धा ठेवायची पंटराने, बुकी या बाबतीत पक्का नास्तिक.

दुसरा धडा, सेशन. हा मला विशेष आवडतो. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील? बुकी म्हणाला ४८-५०. ‘यस’ म्हणणाऱ्याला ५० किंवा जास्त धावा हव्यात, ‘नॉट’ म्हणणाऱ्याला ४८च्या खाली. साहेब यस म्हणाले, दादा नॉट म्हणाले, दोघांनी एकमेकांकडे दयेने पाहिलं. सहाव्या षटकाचा शेवटचा चेंडू, फलंदाजाने सावकाश एक धाव काढली आणि फलकावर ४९ लागले. दोघंही हरले! एक म्हणतो होईल, दुसरा म्हणतो होणार नाही, आणि चुकतात दोघंही. परस्परविरुद्ध बाजू घेऊन दोघांनीही हरण्याची ही सोय महाराष्ट्रात आधी फक्त आघाडीच्या जागावाटपात होती.

रकमेच्या संज्ञा शिकवण्यात वेळ घालवत नाही. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोक्यांची घोषणा झाली, तेव्हापासून हे प्रकरण राज्यातल्या शाळकरी पोरांचंही पाठ आहे.

साहेबांना हे सगळं नवं वाटतं. दादांना नाही, कारण आकडा त्यांच्या वडिलांच्या पिढीपासून परिचयाचा. मुंबईत हा जुगार आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारावर चाले. तिथला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने यायचा, त्यावर इथली गिरणी कामगारांची वस्ती पैसे लावायची. ओपन आणि क्लोज ही त्याच कापसाची देणगी. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. लोकांची गैरसोय नको म्हणून १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका काढला, दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे आकडा. २, ५, ९ निघाले, बेरीज १६, आकडा ६. दहातला एक आकडा लागणार आणि लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया मटकेवाल्याचा. धंदा बेकायदा, पण हिशेब चौथीतल्या मुलाला कळेल इतका उघडा : शंभराला दहा.

आता आजच्या अ‍ॅपकडे या. तिथे भाव पैशात सांगत नाहीत, दशांशात सांगतात, कारण दशांशात फसवलं की सुशिक्षित माणसाला अपमान वाटत नाही. नाणेफेक कोण जिंकणार? दोन्ही संघांना १.९० भाव. म्हणजे १०० लावले आणि जिंकलात तर १९० परत. छान दिसतं. पण साहेबांनी एका संघावर १०० लावले आणि दादांनी दुसऱ्यावर १००, तर दोनशे रुपये आत गेले आणि एकशे नव्वद बाहेर आले. नाणं कसंही पडो. दहा रुपये अ‍ॅपला मिळाले ते नाणं हवेत असतानाच. खरा भाव २.०० असायला हवा होता. १.९०ला नुसती बरोबरी साधायची तरी शंभरातले जवळपास त्रेपन्न अंदाज बरोबर यायला हवेत, आणि नाणं काही केल्या पन्नासच्या वर साथ देत नाही.

तरीही शंभराला पाचच कापले! मटकेवाल्याच्या निम्मे! दादा खूश झाले. थांबा दादा, अ‍ॅपने तुमच्यासाठी ‘कॉम्बो’ ठेवलाय. चार नाणेफेकी एकदम ओळखा, चारही बरोबर आल्या तर शंभराचे १,३०३ रुपये. आकडा बघून माणसाला महात्मानगरात दुकान घेतल्याची स्वप्नं पडतात. आता चार नाणेफेकी बरोबर ओळखण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे न्यायाने १,६०० मिळायला हवेत. हिशेब केला तर शंभरामागे साडेअठरा रुपये गेले. मटक्याच्या जमान्यात शंभराला साडेअठरा कापायला कोणी निघाला असता, तर गिरणगावाने त्याचा मटका त्याच्याच डोक्यावर फोडला असता. पण गिरणगावाला बेरीज येत होती. आपल्याकडे कॅल्क्युलेटर आहे.

‘वेलकम बोनस’ही समजून घ्या. हजार भरा, वर हजार आमच्याकडून. बारीक अक्षरात अट : बोनस काढून घेण्याआधी त्याच्या वीसपट पैसे लावावेत. हजाराचे वीसपट म्हणजे वीस हजार, शंभराला पाचच्या हिशेबाने त्यात सरासरी हजार रुपये गळतात. बोनस जितका आला तितकाच, अगदी शिस्तीत, परत गेला. ‘कॅश आउट’ म्हणजे सामना संपायच्या आत थोडं नुकसान सोसून बाहेर पडण्याची मुभा. तिचा दर कोण ठरवतं हे सांगायला नको.

आणि ‘पक्की टिप’. दादांच्या फोनवर एक अनोळखी भला माणूस रोज विजेत्याचं नाव पाठवायचा. फुकट. सलग तीन बरोबर आली. चौथ्या टिपेचे पाच हजार. या चमत्काराचं गणित असं : आठशे लोकांना मेसेज पाठवायचे, चारशेंना एक संघ, चारशेंना दुसरा. ज्यांचं चुकलं ते सोडून द्यायचे. उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग, मग दोनशेंचे. तीन सामन्यांनंतर शंभर माणसं अशी उरतात की ज्यांनी डोळ्यांनी दैवी शक्ती पाहिलेली असते. दादा त्या शंभरांत होते. दादांना क्रिकेटची आतली बातमी मिळाली नव्हती, दादाच आतली बातमी होते.

आता सर्वांत भारदस्त संज्ञा, ‘कौशल्य’. जुगार वाईट, कौशल्य चांगलं, असं आपलं न्यायशास्त्र. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. फॅन्टसी क्रिकेटमध्ये ते आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. हे शास्त्र पुढे नेण्यात आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. जुलै २०२५ मध्ये सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ राज्यभर फिरला, मोबाइलच्या पडद्यावर रमी दिसत होती. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो, असं त्यांचं म्हणणं. आपण ते मानू. महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं काढलं आणि त्यांना क्रीडा खातं दिलं. पत्ते हा जुगार की खेळ, या प्रश्नाला कुठल्याही सरकारने दिलेलं इतकं नि:संदिग्ध उत्तर माझ्या वाचनात नाही.

सरकारची या क्षेत्रातली समज वादातीत आहे. याच महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला, तो एकदाही न वापरता जपून ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द केला. नाशिककर मात्र कॅसिनोसाठी पणजीला जात राहिले. विधी आयोगाने २०१८ मध्ये लिहून दिलं की सट्टा पुरता थांबवता येत नसेल तर त्याचं नियमन करा. त्यावर शांतता. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. जरा ओळीने मांडून बघा : साधा भाव पाच, मटकेवाला दहा, कॉम्बो साडेअठरा, सरकार अठ्ठावीस. मधला माणूस कोण, हे मी मघाशी चुकीच्या दिशेला बोट दाखवून सांगत होतो की काय, असं साहेबांना वाटलं. साहेब बँकेतले, त्यांना अशा शंका येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र झटक्यात विवेक जागा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. सिंहस्थाच्या कामांना एवढा वेग लाभो. भारतीय संघाच्या छातीवर ३५८ कोटींना बसलेलं ड्रीम इलेव्हन उतरलं, आशिया चषकात संघ कोऱ्या छातीने खेळला आणि मग तिथे टायरची कंपनी आली. टायरवर अजून तरी कोणी पैसे लावत नाही.

दादांच्या मोबाइलवर लिंक अजून येतातच. आता त्या परदेशातून येतात, त्यामुळे दादांना वाटतं की आपलं काहीतरी एक्स्पोर्टशी चाललंय.

शेवटचा धडा, वलण. म्हणजे देणंघेणं मिटवायचा दिवस. साहेबांनी पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला.

“समजा मी जिंकलो आणि त्याने माझे ८,५०० दिलेच नाहीत. मग?”

मग काही नाही. भारतीय करार कायदा १८७२चा, त्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. अपवाद आहे, पण तो घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपये आणि त्यापुढच्या बक्षिसासाठी वर्गणी देणाऱ्यांचा. साहेबांकडे घोडा नाही.

“आणि मीच हरून त्याचे १०,००० बुडवले तर? त्यालाही दावा लावता येणार नाही ना?”

“नाही साहेब. कायदा दोघांना सारखा. फक्त त्याला कोर्टाची गरज पडत नाही.”

तेव्हा वाचकहो, एक विनंती. जिंकूनही पैसे मिळाले नाहीत, म्हणून रागाच्या भरात गंगापूर पोलीस ठाण्याची पायरी चढू नका. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा आहे, अजून लागू आहे, आणि त्यात बुकीच्या बरोबरीने पंटरासाठीही जागा राखलेली आहे.