परीक्षा टाळा, निकाल वाढवा

शाळेत मूल्यमापन कशासाठी करतात? मुलाला काय आलं हे कळावं, शिकवणं त्यानुसार बदलावं आणि प्रमाणपत्रावर समाजाला भरवसा ठेवता यावा, असं बी.एड.ला शिकवतात. महाराष्ट्रानं त्यात चौथा हेतू जोडला आणि तो इतका फळला की आधीच्या तिघांची आठवण काढायची गरज उरली नाही. मोठ्या माणसांना हायसं वाटावं, हा तो हेतू. दहावीचेच आकडे पाहा. 2018 मध्ये निकाल होता 89.41 टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले आणि निकाल 77.10 वर आला. एकच आरडाओरडा झाला. अकरावीच्या यादीत सीबीएसईची मुलं पुढे निघून जाणार, आपली काय करणार? गुण परत आले आणि 2020 चा निकाल लागला 95.30 टक्के. एका वर्षात अठरा टक्क्यांनी हुशार झालेली पिढी जगात अन्यत्र कुठे जन्मल्याचं ऐकिवात नाही. त्यातही भूगोलाचा पेपर करोनामुळे झाला नव्हता. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून वाटले गेले. 2021 मध्ये तर एकही पेपर झाला नाही. नववीचा निकाल आणि शाळांचं अंतर्गत मूल्यमापन एवढ्यावर 99.95 टक्के मुलं उत्तीर्ण झाली, 957 जणांना शंभर टक्के गुण पडले. परीक्षा जितकी कमी तितका निकाल चांगला, हे मंडळाच्याच आकडेवारीनं सिद्ध झालं. उरलेल्या 0.05 टक्क्यांनी नेमकं काय केलं होतं, याची खरं तर चौकशी व्हायला हवी होती.

यावर जाणकार म्हणतील, 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, त्याचा फटका बसला. बसला असेल. पण 2020 ला पुस्तकं तीच होती. अभ्यासक्रम अवघड गेला असेल तर शिकवण्यात काही बदलायला हवं होतं. बदलली ती गुणांची वाटणी. मुलाला काय आलं नाही हा प्रश्न त्या गदारोळात कुणाच्या तोंडी नव्हता, इतरांच्या तुलनेत त्याला किती गुण कमी पडले एवढाच होता.

प्राथमिक शाळेत हाच कारभार अधिक सुसंस्कृत पद्धतीनं चालतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, पण त्याच कायद्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही मागितलं होतं. पहिली अट पाळायला सोपी होती, ती तत्काळ पाळली गेली. दुसरीचं आपण नोंदवहीत रूपांतर केलं. आकारिक आणि संकलित असे प्रकार आले, निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम अशी साधनं आली. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद आली. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या पीडीएफ. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या तिन्ही रकान्यांना पुरतील अशी वाक्यं त्यांत आहेत आणि ती कोणत्याही मुलाला बसतात. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. नोंद वाचून मदत करणारा कुणी वर नाही, नोंद आहे की नाही हे बघणारा मात्र आहे. हल्ली नियतकालिक चाचण्यांचे गुण चॅटबॉटवर भरायचे असतात. मूल वर्गात, गुण सर्व्हरवर, आणि दोघांची पुन्हा भेट व्हावी अशी कुणाची सक्ती नाही.

गंमत अशी की मुलाला काय येतं हे शोधायला एवढा खटाटोप लागत नाही. ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक घरी जातो, उतारा पुढे ठेवतो आणि काही मिनिटांत कळतं. 2022 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त 42.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाला बोल लावावा, तर 2018 मध्येही हे प्रमाण निम्म्याच्याच आसपास होतं. वाचता न येणारी मुलंही दरवर्षी वरच्या वर्गात गेली होती.

‘म्हणूनच पुन्हा नापास करा!’ हे यावरचं लोकप्रिय उत्तर. राज्यानं 2023 मध्ये ते ऐकलं आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. आता नापास मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि तरीही जमलं नाही तर तोच वर्ग. यातलं जादा मार्गदर्शन मनापासून झालं तर उत्तम, पण दुसरीत अडलेल्या मुलाला त्यासाठी पाचवीच्या मे महिन्याची वाट का पाहायला लावायची? ढकलपास केलं काय आणि त्याच बाकावर बसवलं काय, जे शिकवलं गेलं नाही ते दोन्हीकडे शिकवायचं राहूनच जातं.

तेव्हा पालकहो, येत्या एक मेला प्रगतिपत्रक हातात पडलं की श्रेणीकडे नंतर बघा. आधी गुरुजींना किंवा बाईंना एवढंच विचारा: आमच्या पोराला नेमकं काय येत नाही, आणि जूनमध्ये तुम्ही त्याचं काय करणार आहात?