रिंगमास्तर

भौतिकशास्त्राची जुनी प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक गावात एक रिंगमास्तर असतो. सर्कशीशी त्याचा काही संबंध नाही. सपाट काचेवर एका बाजूने फुगीर भिंग ठेवायचं, सोडियमचा दिवा लावायचा आणि मायक्रोस्कोपातून दिसणारी काळी-पिवळी वर्तुळं मोजायची, या ‘न्यूटन्स रिंग’ नावाच्या प्रॅक्टिकलवर ज्याची अख्खी नोकरी गेली, तो रिंगमास्तर. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, आवाज प्राचार्याचा.

आमचे रत्नागिरीचे रिंगमास्तर निवृत्त झाले, पण त्या अंधाऱ्या खोलीतून अजून पुरते बाहेर आलेले नाहीत. रस्त्यानेही डोळे बारीक करून चालतात. स्वतःचं वय विचारलं तर सांगत नाहीत. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी न विचारता सांगतात. 5893 अँगस्ट्रॉम. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी हे उत्तर आधी लिहून रीडिंगं मागाहून जुळवली, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. “रीडिंगं खोटी असतील, पण उत्तर खरं होतं की नाही?” असं उलट विचारतात. यावर बोलायचं काय?

2024 मध्ये रत्नागिरीत सेमीकंडक्टरचा मोठा प्रकल्प येणार अशी घोषणा झाली. कुणी जमिनीचा भाव विचारला, कुणी नोकऱ्यांचं, कुणी पाण्याचं. मास्तरांनी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एवढंच विचारलं, “मोजणार कशाने?”

लोक हसले. प्रश्न मात्र बरोबर होता. चिप तयार होते ती शेकडो टप्प्यांनी, थरावर थर चढवत, आणि प्रत्येक थर ठरल्या जाडीचा बसला का हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फुटपट्टी चालत नाही, हात लावायची सोय नाही. उरतो प्रकाश. पूर्वी तर रंगावरून जाडी ओळखायचे. करड्या सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर 500 अँगस्ट्रॉमचा झाला की तो बदामी दिसतो, 1000 ला जांभळा, 1500 ला फिका निळा, 2000 ला फिकट सोनेरी. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, काही रंग मरतात, काही उठून दिसतात. न्यूटनच्या रिंगा दिसतात त्याही यामुळेच.

याचं प्रात्यक्षिक द्यायला मास्तर माणसं धरून मिरकरवाड्याच्या जेटीवर नेतात. तिथे पाण्यावर डिझेलचा तवंग असतोच. “हा निळा बघ, हा तांबडा. जाडी बदलली!” सकाळच्या गर्दीत, टोपल्यांच्या वाटेत उभं राहून. एकदा एका मासळीवालीने विचारलं, “मास्तर, बांगडा घेताव की रंगच बघताव?” मास्तरांनी तिलाही बांगड्याची चमकती कातडी दाखवून रिंगा समजावल्या. तिने भाव कमी केला नाही.

त्यांचं नॅनोमीटरशी मात्र वैर आहे. दहा अँगस्ट्रॉमचा एक नॅनोमीटर, हे त्यांना मान्य; पण अँगस्ट्रॉम असताना त्याची गरज काय होती, हे मान्य नाही. त्यातून कुणी ‘तीन नॅनोमीटरची चिप’ म्हणालं की संपलंच. “तीन? कुठे ठेवलीस पट्टी?” इथेही मास्तरांना खोडता येत नाही. हा तीनचा आकडा चिपमधल्या कुठल्याच ठरावीक मापाचा नाही, ते त्या पिढीचं बाजारातलं नाव आहे. शेजारच्या दोन गेटांमधलं अंतर प्रत्यक्षात चाळीस नॅनोमीटरच्या वर भरतं. कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर ‘रत्नागिरी हापूस’ छापण्यासारखंच हे, असं त्यांचं मत, आणि रत्नागिरीत याहून मोठी शिवी नाही.

गेल्या गणपतीत त्यांचा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. परदेशात चिप मोजण्याच्या यंत्रांवर काम करतो. आरती झाल्यावर मास्तरांनी त्याला पडवीत बसवून तोंडी परीक्षा सुरू केली.

“सर, आमच्याकडे एलिप्सोमीटर असतो. ध्रुवित प्रकाश तिरका सोडायचा, परतताना ध्रुवण किती बदललं त्यावरून जाडी काढायची. अँगस्ट्रॉमएवढा फरकसुद्धा कळतो.”

“साखरेच्या पाण्याचा पोलारिमीटर. कपाट नंबर चार.”

“वेफरचं टेबल लेझर इंटरफेरोमीटरने नेमकं सरकवतात.”

“मायकेलसन. 1907 चं नोबेल. कपाट नंबर तीन.”

“सिलिकॉनवर ताण किती आलाय ते रामन स्पेक्ट्रमवरून...”

“28 फेब्रुवारी 1928. ते कपाटात नव्हतं, बजेट नव्हतं. पुढे?”

मुलाने मग हुकमाचं पान टाकलं. सगळ्यात बारीक नक्षी छापतात तो प्रकाश 13.5 नॅनोमीटरचा. तो मिळवायला कथिलाचे वितळलेले थेंब सेकंदाला 50,000 या वेगाने सोडून प्रत्येकावर लेझर मारतात. हा प्रकाश हवा गिळते, काचही गिळते. म्हणून सगळा खेळ निर्वात पोकळीत, आणि भिंग एकही नाही.

“भिंग नाही?” मास्तर पहिल्यांदा थांबले. कनवटीची डबी काढून त्यांनी तपकीर ओढली. “मग वळवता कसा?”

“आरशांनी, सर. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे एकाआड एक पातळ थर, चाळीस-पन्नास जोड्या. प्रत्येक थरातून थोडा प्रकाश परततो, त्या लाटा एकमेकींशी जुळतात आणि...”

“आणि रिंग!” मास्तर इतक्या जोरात ओरडले की आतून कुणीतरी उकडीचे मोदक टाकून बाहेर आलं. त्यानंतर त्यांना सणसणीत शिंक आली.

थाटमाट सोडला तर मास्तर बरोबर होते. चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत त्यांनी एकच गोष्ट पाहिली, आणि अब्जावधींच्या यंत्रांच्या पोटातही तीच निघाली. त्यांच्या खोलीतल्या भिंगावर दर पावसाळ्यात बुरशी चढायची, हा तपशील सोडा.

तेव्हा प्रकल्पवाल्यांना, ते यायचे तेव्हा येवोत, आधीच विनंती. मोजमापाच्या खोलीत आमच्या मास्तरांना एकदा जरूर न्या. प्रश्न विचारतील, उत्तरंही तेच देतील, तुम्ही फक्त मान हलवा. पण पहिल्या आयएसओ दर्जाच्या स्वच्छ खोलीत एक घनमीटर हवेमागे 0.1 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे दहापेक्षा जास्त कण चालत नाहीत. तपकिरीची डबी फाटकावरच काढून घ्या.