भोगीची भाजी

"अगं माई, बराखीतले सडके कांदे मागनं निवड. आधी कुंपणापाशी ये. आमच्या पोरीनं विषय बदलला!"

"कोणी, अमेरिकेतल्या नातीनं? कॉम्प्युटर सोडलं?"

"सोडलं. आता म्हणे अमेरिकन स्टडीज. त्यांचा इतिहास, कादंबऱ्या, गाणी, सिनेमे, कोर्टाचे निकाल, सगळं एका पातेल्यात."

"म्हणजे भोगीची भाजी की! नोकरी लागते का त्यानं?"

"तेच तिचा बाप विचारतोय. बँकेचं कर्ज त्याच्या डोक्यावर. दोन दिवस जेवला नाही धड. पण ऐक तर पुढं. तिला निबंध होता. तिथं १८६१ ते ६५ आपसात लढाई झाली, गुलामगिरी बंद झाली. त्याचा बोलबाला बाहेरच्या देशांत कुठं झाला, ते शोधायचं. तर पोरीचा फोन, 'आजी, जोतिबांनी गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, तुला ठाऊक होतं?'"

"अमेरिकेतल्या? पुण्यात बसून?"

"हो, १८७३ साली. तिथल्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांना सोडवलं, तसं आपल्या लोकांनी इथल्या शूद्रांना सोडवावं म्हणून. भटजीवाचून लग्नं लावणारा जोतिबांचा सत्यशोधक समाज त्याच वर्षीचा. मी म्हटलं, बाळा, पुढची गोष्ट आपल्या ओतुरातच घडलीय."

"डुंबरे पाटलांची?"

"तीच. बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली घरची लग्नं भटजीवाचून लावली. गावचे जोशी-भटजी गेले कोर्टात. प्रकरण थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत."

"दक्षिणेच्या चार पैशांसाठी?"

"चार पैसे कुठले! पिढीजात हक्क तो. भटजी बोलावला नाही तरी दक्षिणा द्यायचीच, असा. एका पाटलानं मोडला की उद्या सगळा गाव मोडणार. पण हायकोर्टात पाटीलच जिंकले."

"मग पोरगी काय म्हणाली?"

"कितीतरी वेळ गप्प. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणते, आजी, हे सगळं परत सावकाश सांग, लिहून घेते. त्यांच्या मास्तरणीनं आता ओतूरचं स्पेलिंग विचारलंय. श्रावणात येणारे पोरगी, कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायच्यात आणि पाटलांकडंही जायचंय."

"येऊ दे. पण मला सांग, तिच्या लग्नाला भटजी सांगणार का नाही?"

"हळू बोल गं! तिचा बाप ओट्यावर बसलाय. आज कुठं दोन भाकरी खाल्ल्यात त्यानं."