सही कुठाय?

पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा रस्ता 2011 पासून रुंद होतो आहे. तो होईल तेव्हा होईल, पण तोवर कडेचे टायरवाले, वेल्डिंगवाले आणि गॅरेजवाले मात्र चांगलेच रुंद झाले. या रस्त्याने गणपतीला चिपळूण गाठायचं तर गाडीत नानाकाका हवेत. काका सहकार खात्यातले निवृत्त लेखापरीक्षक. त्यांनी नुसता चष्मा पुसायला घेतला तरी पतसंस्थांचे चेअरमन पाणी मागवायचे.

वडखळ सोडलं आणि मागच्या चाकात खिळा दिसला. मी पक्कड काढली, तर काका ओरडले, “उपटू नकोस! हवा त्यानेच धरून ठेवलीय.” म्हणून तसेच रांगत टायरवाल्याकडे गेलो.

“साहेब, तोवर समोर चहा घेऊन या.”

हे आदरातिथ्य घातक असतं. ट्यूबलेस टायरला पैसे पंक्चरमागे, आणि गिऱ्हाइकाची पाठ टपरीकडे वळली की पंक्चरं वाढू लागतात. ब्रशाआड एक बारीक टोच्या असतो. साबणाचं पाणी फिरवता फिरवता तो टेकवला की झाला बुडबुडा! मग ‘साहेब, चार निघाले’ म्हणायला पोरगा मोकळा.

काकांनी चहा जागेवर मागवला, खुर्ची टायरला खेटून घेतली आणि खडूने खिळ्याभोवती गोल काढला. “आरंभीची शिल्लक एक. अखेरची किती निघते बघू.” चाक फिरेल तशी काकांची मान फिरत होती. ब्रश जरा रेंगाळला की चष्मा नाकावर खाली यायचा. शिल्लक एकच निघाली. पोराने पट्टी भरली, पैसे घेतले आणि आम्ही निघाल्यावर हुश्श केलं.

महाडच्या पुढे गाडी खालून खडखडू लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं. आवाज खाली, माणूस वर! डिपस्टिक ओढून त्याने ‘च्च’ केलं. मेकॅनिकच्या ‘च्च’मध्ये निम्मं बिल असतं.

“ऑइल काळं पडलंय, बदलू या.”

“काळं पडणं हे त्याचं कामच आहे,” म्हणत काकांनी कंपनीचं पुस्तक काढलं. “10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आमचं दोन्ही व्हायचंय.”

तेव्हा एअर फिल्टर ‘हवा मारून आणतो’ म्हणून तो आत गेला आणि चुलीतून काढावा तसा एक फिल्टर घेऊन बाहेर आला. “बघा काका, गाडीचा दम कोंडलाय. फिल्टर नवा, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एकदाच करून टाकू.”

“माझी सही कुठाय?”

काका गाडीत बसणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूवर स्केचपेनने सही आणि तारीख टाकतात. फिल्टरवर, बॅटरीवर, स्टेपनीच्या रिमवरसुद्धा. (काकूंच्या मिक्सरवरही आहे.) “हाच आमचा असेल तर बसव बघू.” तो बसेना, कुठल्या तरी जीपचा असावा. मग आमचा फिल्टर आतून अवतरला. सही शाबूत, धूळ बेताची.

काकांनी खर्चाचा अंदाज लेखी मागितला, जुने पार्ट पिशवीत मागितले, पक्कं बिल मागितलं.

“पक्क्यावर 18 टक्के जीएसटी पडेल, काका.”

“पडू दे. खोट्यावर किती पडतो?”

बॉनेट आपटलं गेलं. आम्ही खडखडत कशेडी ओलांडली.

चिपळुणात बहादूरशेख नाक्याजवळ एक म्हातारा मेकॅनिक भेटला. त्याने गाडी चालू करायला सांगितली, कान दिला, खाली सरकला आणि सायलेन्सरवरच्या पत्र्याचा बोल्ट आवळला. आवाज बंद.

“किती झाले?”

“बोल्ट आवळायचे कसले पैसे?”

काका अस्वस्थ. त्यांनी पत्रा हलवून पाहिला, बोल्ट मोजले, फिल्टरवरची सही तपासली. आक्षेप घ्यायला काही सापडेना. अखेर म्हणाले, “मग शून्य रुपयांची पावती द्या.”

म्हाताऱ्याने कॅलेंडरचं पान फाडून मागच्या बाजूला लिहिलं: ‘बोल्ट आवळला. रु. 0.’ आणि काकांकडे न बघताच विचारलं, “सही हवी, की अंगठा चालेल?”