संकल्पना : माननीय

पुण्यात चालून चालून पाय दुखले, की बाकडं सापडतं. ही शहराची खरी श्रीमंती. मात्र बाकड्याला पाठ टेकण्याआधी त्याच्या पाठीवर काय रंगवलंय ते वाचावं लागतं. वर ‘संकल्पना’, खाली ‘मा.’, पुढे नाव आणि शेवटी ‘यांच्या विकासनिधीतून’. बाहेरगावच्या पाहुण्यांचा असा समज होतो, की या गृहस्थांच्या आधी माणसाला बसायची कल्पना सुचलीच नव्हती. त्यांना समजावून सांगावं लागतं, की पैसे आपले, बाकडं ठेकेदाराचं आणि संकल्पना तेवढी माननीयांची. विचारवंतांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. इतक्या संकल्पना इतक्या कमी अंतरावर दुसरीकडे कुठं पाहायला मिळतील?

या बाकड्यांचा उगम ‘स’ यादीत आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीचे सोळा सदस्य त्यात भर घालतात, मग मुख्यसभा आणखी भर घालते. उत्पन्न वाढवायचं काम मात्र कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसतं. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं ज्या यादीत जातात ती ‘स’ यादी. ‘स’ म्हणजे सगळ्यांसाठी असं काही भाबडे लोक समजतात. आर्थिक वर्ष संपत आलं, की या यादीतला उरलेला निधी खर्ची पाडायची घाई होते. मग चांगले पेव्हिंग ब्लॉक उखडून त्यांच्या जागी त्यांच्याच आकाराचे, फक्त वेगळ्या रंगाचे ब्लॉक बसवले जातात. शहरात वसंत ऋतू आला हे आंब्याच्या मोहोराआधी उखडलेल्या फुटपाथवरून कळतं.

सामान्य नागरिकालाही यात स्थान आहे. २००६ सालापासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक नावाची एक सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात जायचं, अर्ज भरायचा आणि आपल्या भागातलं काम सुचवायचं. या योजनेत एका कामाला पाच लाखांची मर्यादा घालून दिलेली. कल्पना खरोखर चांगली, हे चेष्टेत म्हणत नाही. पाच लाखांत रस्त्याचे दिवे होतात, बसथांब्यावर छप्पर होतं, पदपथाची डागडुजी होते. पण शहराच्या पोटातून मेट्रो न्यायची, जुन्या पेठांचा चेहरामोहरा बदलायचा, वाहनतळाचे मजले चढवायचे, असलं काही निघालं की तुमच्या अर्जाचा रकाना संपतो. पाच लाखांपर्यंत लोकशाही, त्यापुढे सल्लागार.

आणि पेठांइतका सल्लागारांचा लाडका विषय दुसरा नाही. गेल्या कित्येक वर्षांत मध्यवर्ती पुण्यावर इतके अहवाल झाले आहेत, की ते एकावर एक रचले तर जुन्या वाड्यांच्या भिंतींना टेकू तरी मिळेल. वाड्यांची स्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाला पाडायचा आहे, भाडेकरूला सोडायचा नाही, वारसाप्रेमींना जपायचा आहे आणि पावसाला या तिघांशीही काही देणंघेणं नाही. मंडईजवळची आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहं गेली, तिथं वाहनतळ आले. महापालिकेनं वाहनतळांना रीतसर नावं दिली, तरी लोक आजही गाडी ‘आर्यन’मध्येच लावतात. तिथं आता सिनेमा नाही. जागा मिळेपर्यंतचं रहस्य तेवढं टिकून आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईच्या खालून मेट्रोही सुरू झाली. जमिनीखालून आलेला प्रवासी सरकत्या जिन्यानं गारेगार वर येतो आणि पुढची तुळशीबागेची दोन मिनिटांची वाट टेम्पो, हातगाडी, दुचाकी आणि दुचाकीवरून उतरून भाव विचारणारी काकू यांच्यामधून पंचवीस मिनिटांत पार करतो.

चालणाऱ्यांसाठी काही केलंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर गाड्या बंद असतात. रांगोळ्या काढतात, सतरंज्या अंथरतात, मुलं रस्त्याच्या मधोमध बॅडमिंटन खेळतात, भाषणं होतात. पोळ्याला बैलाला ओवाळतात तसं पादचाऱ्याला ओवाळतात. बारा तारखेला तो पुन्हा कामाला.

हे सगळं डोक्यात असताना मंडईसमोर उभं राहावं. तिचा तो अष्टकोनी मनोरा, चहूकडे फुटलेले दगडी हात, खाली गाळ्यावर मांडी घालून बसलेली बाई मेथीच्या जुडीची मुळं बाजूला करत, वर न बघता, “घ्यायची नसेल तर हात लावू नका” असं सांगते आहे. फळ्यावर नाव आहे महात्मा फुले मंडई. या नावामागची गोष्ट स्थायी समितीच्या प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच बैठकीत सांगायला हवी.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा नियुक्त सभासद होते बत्तीस. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. विरोधी मत एकच पडलं, त्यांचं. पुढं शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलवून लाखो रुपये खर्चून पक्की मंडई बांधायची टूम निघाली. आजच्या भाषेत मध्यवर्ती भागाचा पुनर्विकास. जोतीरावांनी त्यालाही विरोध केला. तेच कारण : आधी शाळा. अर्थातच मंडई झाली. १८८६ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडलं रे मार्केट. जोतीराव १८९० साली गेले, तेव्हाही ती रे साहेबांचीच होती. पुढं बऱ्याच वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या पुढाकारानं मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्यानं बांधू नका म्हटलं, त्याचंच नाव बांधकामावर! विनोदी लेखकाला समितीचं अध्यक्षपद दिल्याचा एवढा एक तरी फायदा शहराला झाला. अत्र्यांनी ते मनापासून, आदरानं केलं, यात शंका नाही. पण पुढच्या माननीयांनी त्यातून जो धडा घेतला, तो अत्र्यांच्या प्रहसनात शोभला असता.

मध्यंतरी समितीच नव्हती. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, खुर्चीत जरा सरकून बसायचं आणि स्थायी समिती म्हणून तो मंजूर करायचा. एकमताचा प्रश्नच मिटला. नागरिकांच्या सहभागाचं काय, असं कोणी विचारलं असतं तर प्रशासकही नागरिकच होते, असं उत्तर मिळालं असतं.

पण समिती असते तेव्हा काय होतं? स्थायीची बैठक बंद दाराआड चालते, त्यामुळे आतलं आपण कल्पनेनंच पाहायचं. तर कल्पना करू.

विषय क्रमांक सात. पेठेतल्या एका बाजारचौकाच्या पुनर्विकासासाठी सल्लागार नेमणे. खर्च एकाहून अधिक वर्षं चालणार, म्हणून ‘७२ ब’खाली मान्यता. विषय क्रमांक आठ. वस्तीतल्या मनपा शाळेत संध्याकाळी अभ्यासिका चालवणे : दोन शिक्षिकांचं मानधन, एक रखवालदार, दिवे आणि पंखे.

सल्लागारांनी पडद्यावर चित्रं दाखवली. चौकात दगडी फरशी, झाडं, झाडांखाली लॅपटॉप घेऊन बसलेली तरुण मंडळी, आकाशात फुगे. टेम्पो नाही, खड्डा नाही, सांडलेलं पाणी नाही. फुग्यांपाशी एक ज्येष्ठ माननीय थांबले.

“भाजीवाल्या कुठायत?”

“साहेब, त्या दुसऱ्या टप्प्यात.”

“आणि तोवर?”

“तोवर व्हायब्रन्सी असेल, साहेब.”

व्हायब्रन्सी म्हणजे खायचं काहीतरी असावं, असं समजून माननीयांनी मान डोलावली. चहा आला. बटाटेवडे आले. सल्लागारांचं शुल्क एकूण खर्चाच्या टक्केवारीत असल्यामुळे खर्च कमी करायची सूचना त्यांच्याकडून आली नाही, आणि ती दुसऱ्या कोणी करावी इतका कोणी वाईट नव्हता.

विषय आठ आला तसा दालनातला उत्साह मावळला.

“यात होणार काय?” एका माननीयांनी विचारलं.

“मुलं अभ्यास करतील,” शिक्षण विभागाचे अधिकारी म्हणाले.

“ते कळलं. दिसणार काय?”

“म्हणजे?”

“अहो, फलक कुठं लावायचा? बाकड्याला पाठ असते, कमानीला माथा असतो. मुलांच्या पाठीवर लावता येतो का?”

विषय अभिप्रायासाठी प्रशासनाकडे पाठवावा, असं ठरत होतं. ज्यांना मराठी येतं पण महापालिका येत नाही त्यांच्यासाठी : अभिप्रायासाठी गेलेला विषय काशीला गेल्यासारखा असतो, परत आला तर सोहळा.

तेवढ्यात पहिल्यांदाच निवडून आलेल्या ताई उभ्या राहिल्या. त्यांनी उपसूचना लिहूनच आणली होती. सातचा सल्लागार रद्द करा, ते पैसे आठला द्या. पेठेत काय हवंय ते तिथल्या गाळेवाल्यांना विचारा, ते फुकट सांगतात. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.

दालनात शांतता पसरली. दोघांनी वडा खाली ठेवला. उपसूचनेला अनुमोदन मिळेना. मग चार निवडणुका पाहिलेले अण्णा हळूच बोलले.

“ताई, विरोध जरूर नोंदवा. ही पुण्याची थोर परंपरा आहे. महात्मा फुल्यांनी मंडईला विरोध केला. काय झालं? मंडई झाली, आणि नाव कोणाचं लागलं? त्यांचंच. फक्त त्यांना वाट फार बघावी लागली. आमचं म्हणणं एवढंच, की ताईंना वाट बघायला लावू नये.”

“म्हणजे काय, अण्णा?”

“चौकाला नाव नाही देता येणार, हयात माणसाचं देत नाहीत. पण ‘संकल्पना’ म्हणून प्रवेशाशी फलक लावू. तुमचाच.”

“पण माझी संकल्पना तर हे करू नका अशी आहे.”

“असू दे की. फलकावर संकल्पना काय ते लिहायचं नसतं. कोणाची तेवढं लिहायचं असतं.”

ताई बराच वेळ उभ्याच राहिल्या. हातातली उपसूचना त्यांनी एकदा उलगडली, एकदा घडी घातली. पुढच्या निवडणुकीत प्रभाग चार सदस्यांचा असतो. बाकीच्या तिघांची बाकडी वस्तीत आधीच रांगेनं लागलेली आहेत.

“फोटो असेल?” त्यांनी विचारलं.

“फोटो, नाव, आणि रात्री दिसावं म्हणून मागून उजेड,” अण्णा म्हणाले. “सौरऊर्जेवर. पर्यावरण पण झालं.”

विषय सात एकमतानं मंजूर झाला. तेवढ्यात मुख्य लेखापालांनी चष्मा वर केला. फलकासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, असं ते म्हणाले.

“मग वर्गीकरण करा,” अध्यक्ष म्हणाले. “त्या अभ्यासिकेच्या पैशातून घ्या.”

“घेता येणार नाही, साहेब. तो विषय अजून मंजूरच झालेला नाही. पैसे त्या शीर्षाखाली पडले, तरच तिथून उचलता येतील.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. गाड्या खाली उभ्या होत्या.

“एवढंच ना? सूचक कोण?” सोळाच्या सोळा हात वर झाले, आणि वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका एका मिनिटात, कसलीही चर्चा न होता मंजूर झाली.